पंप सुरू केला आणि आवाज बसला, तिथपासून आत्तापर्यंत

दमा मला लहानपणापासूनचा नाही, चाळिशीनंतर मागे लागला. मी घरी गाण्याचे क्लास घेते, त्यामुळे इनहेलरचे साइड इफेक्ट म्हटलं की लोकांना हाडं, शुगर, अंगावरची सूज हे आठवतं आणि मला सगळ्यात आधी आवाज आठवतो. हे सगळं नीट लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं, कारण आमच्या बडोद्यात, म्हणजे दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या आमच्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत कुणीतरी दमेकरी आहे आणि प्रत्येकाला पंपाबद्दल कुणी ना कुणी भीती घालून ठेवलेली आहे, पण नेमकी काळजी कशाची घ्यायची ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आधी कित्येक वर्षं माझ्याकडे फक्त निळा पंप होता, सालब्युटामॉलचा, अस्थालिन म्हणून मिळतो तो. धाप लागली की दोन पफ, थोड्या वेळात छाती मोकळी आणि आपण परत कामाला. नेहमीच्या डॉक्टरांनी तेवढाच दिला होता आणि मेडिकलवाला मला बघितल्यावर न मागताच काउंटरवर काढून ठेवायचा. या पंपाचे परिणाम लपून राहत नाहीत, लगेच कळतात, हात थरथरतात, छातीत धडधडतं, कधी डोकं दुखतं, जास्त घेतला तर रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. क्लासच्या आधी पफ घेतले की पेटीवर माझी बोटं जागेवर पडायची नाहीत, मुलींना अलंकार वाजवून दाखवताना करंगळी नुसती हलत राहायची. श्वासनळीचे स्नायू सैल करणारं औषध हाताच्या स्नायूंवर आणि हृदयावरही थोडं काम करतं म्हणून हे होतं, थोड्या वेळाने ओसरतं, आणि वारंवार खूप पफ घेतले तर रक्तातलं पोटॅशियमही खाली जाऊ शकतं.

एका दिवाळीत फटाक्यांच्या धुराने इतकं वाढलं की रात्रभर उशीला टेकून बसून काढली, मग ह्यांनी हट्टच धरला की आता छातीच्या डॉक्टरांना दाखवायचंच. अलकापुरीत एक डॉक्टर बाई आहेत त्यांच्याकडे गेलो. तिथे स्पायरोमेट्री झाली. नाकाला चिमटा लावून नळीत जोरात फुंकायचं, मग सालब्युटामॉलचे चार पफ देऊन पंधरा मिनिटं बसवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली तो आकडा औषधानंतर १२ टक्के आणि शिवाय २०० मिलीपेक्षा जास्त वाढला तर नळ्या आकसलेल्या आहेत आणि औषधाने उघडतात असं धरतात. माझा त्याच्या बराच वर गेला.

बाईंनी सगळ्यात जास्त चौकशी कशाची केली असेल तर निळ्या पंपाची. एक पंप किती दिवस पुरतो? मी म्हटलं, महिनाभर, थंडीत त्याच्याआधीच संपतो. एका पंपात २०० पफ असतात, म्हणजे हिशोब त्यांनीच करून दाखवला. त्यांचं म्हणणं असं की निळा पंप नळी तेवढ्यापुरती उघडतो पण आतली सूज तशीच राहते, वाढत जाते, आणि रोज रोज घेऊन त्याचा असर पण कमी होत जातो. वर्षाला तीन किंवा जास्त निळे पंप लागत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढलेला असतो आणि बारा किंवा त्याहून जास्त लागत असतील तर दम्याने जीव जाण्याचा धोकाही वाढतो, हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये, गिना म्हणतात त्यात, नुसत्या निळ्या पंपावर मोठ्या माणसांना ठेवू नका असं स्पष्ट आलेलं आहे. ज्याला आम्ही सगळे बिनधोक समजत होतो त्याच्याबद्दल हे, आणि ज्याला सगळे घाबरतात तो स्टिरॉइडचा पंप, बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला, तो त्यांनी रोजचा लिहून दिला.

घरी आले तर सासूबाईंचा चेहरा उतरला. "अगं स्टिरॉइड का? ते शेवटचं औषध असतं म्हणतात." समोरच्या बेन दारातूनच म्हणाल्या, "पंप लेशो तो एनी टेव पडी जशे", म्हणजे घेतलास तर त्याची सवय लागेल. दोघी मायेपोटीच बोलत होत्या त्यामुळे मी वाद नाही घातला, पण हे दोन समज इतके घट्ट आहेत ना की त्यापायी माणसं औषध अर्धवट सोडतात आणि मग इमर्जन्सीत जाऊन पोचतात. सवय लागते म्हणजे काय, तर औषध बंद केलं की त्रास परत येतो. तो येतो कारण दमा गेलेलाच नसतो, दाबलेला असतो, बीपीच्या गोळीचं पण तेच आहे आणि तिला कुणी सवय म्हणत नाही.

आणि स्टिरॉइडचा डोस. माझ्या पंपाच्या एका मात्रेत २०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड, सकाळी एक संध्याकाळी एक, दिवसाचे झाले ४०० मायक्रोग्रॅम. मोठ्या अटॅकमध्ये प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात त्या दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत असतात, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही त्यामुळे सरळ भागाकार करून चालत नाही, पण अंदाज यायला एवढं पुरे आहे. शिवाय पंपाचं औषध थेट छातीत जातं, जे थोडं गिळलं जातं त्यातलं साधारण ९० टक्के बुडेसोनाइड लिव्हरमध्येच निकामी होतं. आणि व्यायामशाळेतली पोरं घेतात ते स्टिरॉइड पूर्ण वेगळ्या जातीचं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

आता माझ्यावर काय गुजरलं ते. मला सुरुवातीला कॅप्सूलवाला प्रकार दिला होता, रोटाहेलर, त्यात कॅप्सूल घालून फिरवायचं आणि पावडर ओढायची. दवाखान्यात प्रचंड गर्दी, समजावून सांगायला कुणाला वेळ नव्हता, मेडिकलवरच्या मुलाने खोक्यावरचं चित्र दाखवून "ऐसे खींच लेना" एवढं सांगितलं. ओढायचं किती जोरात, नंतर काय करायचं, काही नाही. दम्याला मात्र खरंच फरक पडला, काही आठवड्यांत रात्रीचं उठणं थांबलं, जिना चढताना मध्ये थांबावं लागेना, निळा पंप पर्समध्ये नुसता पडून राहायला लागला. त्या आनंदात असतानाच आवाज जायला लागला.

आधी वाटलं सर्दी असेल. मग दिसायला लागलं की सकाळी पंप घेतल्यावर दुपारपर्यंत घसा जड असतो, मध्य सप्तकात निभावतं पण तार षड्जाला आवाज फाटतो, मी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून शिकवते, ती खाली उतरून काळी दोनवर आले. मुली विचारायच्या, बाई आज पट्टी खाली का. मग एक दिवस चहाचा पहिलाच घोट घेतला आणि जीभ अशी चरचरली की कप खाली ठेवला. आरशासमोर तोंड उघडून मोबाइलचा टॉर्च मारला तर गालाच्या आतून आणि मागे टाळूवर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे ठिपके. बोटाला ओलं फडकं गुंडाळून पुसलं तर ते निघाले आणि खाली लालभडक, थोडं रक्तही आलं. तिखट तर सोडाच, साधं वरण झोंबत होतं आणि कशालाच चव नव्हती.

हे कँडिडाचं इन्फेक्शन, बुरशीच. स्टिरॉइड तोंडात राहिलं की तिथली प्रतिकारशक्ती थोडी दबते आणि आपल्या तोंडात एरवी गुपचूप असणारी बुरशी वाढते. डायबिटीस असेल किंवा कवळी असेल तर अजून लवकर होतं. क्लोट्रिमाझोलचं तोंडात लावायचं औषध दिलं, जेवणानंतर लावायचं आणि लगेच पाणी प्यायचं नाही, आठवड्याभरात तोंड साफ झालं. म्हणजे भयंकर वाटलं तरी बरं होण्यासारखी गोष्ट आहे, फक्त पंप आपल्या मनाने बंद करायचा नाही. मला घरातल्या सगळ्यांनी तेव्हा तोच सल्ला दिला होता की बघ, सांगत होतो ना, सोड तो पंप. मी सोडला नाही कारण ती दिवाळीची रात्र मला परत नको होती.

आवाजाचं प्रकरण वेगळं निघालं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र दाखवलं, पडद्यावर मी स्वतःच्या स्वरतंतू बघितल्या, थोड्या लाल होत्या आणि आ म्हटल्यावर मध्ये पूर्ण मिटत नव्हत्या, बारीक फट राहत होती. बुरशी तिथे नव्हती. त्यांनी सांगितलं की श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडने आवाज बसणं हा अगदी नेहमीचा साइड इफेक्ट आहे, काही जणांत स्वरतंतूंवर सूज असते, काही जणांत तिथल्या बारीक स्नायूंवर औषधाचा परिणाम होतो, आणि शिक्षक, गायक, कीर्तनकार, वकील, ज्यांचं पोट आवाजावर आहे त्यांना तो जास्त जाणवतो. हे ऐकून मला धीर आला, कारण औषध कमी झालं किंवा बदललं की आवाज बहुतेक वेळा परत येतो, कायमचा गेला असं नसतं.

मग छातीच्या बाईंकडे परत. त्यांनी कॅप्सूल बंद करून तेच औषध पंपातून आणि स्पेसर लावून दिलं. स्पेसर म्हणजे पंपाला जोडायचा प्लॅस्टिकचा मोठा डबा. पंप सरळ तोंडात मारला तर अर्ध्याहून जास्त औषध जोरात जाऊन घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं आणि तिथेच बसतं. स्पेसरमध्ये मोठे थेंब डब्याच्या भिंतीला राहतात आणि बारीक थेंब श्वासाबरोबर सावकाश छातीत जातात, म्हणजे घशाला त्रास कमी आणि फुप्फुसाला औषध जास्त. या वेळी तिथल्या सिस्टरने माझ्याकडून करून घेतलं, नुसतं दाखवलं नाही. पंप हलवायचा, पूर्ण श्वास सोडायचा, एकच पफ मारायचा, हळू आणि खोल ओढायचा, दहा सेकंद धरायचा. दुसरा पफ असेल तर परत पहिल्यापासून. कॅप्सूलवाल्या यंत्रात उलट असतं, तिथे जोरात आणि झटक्यात ओढावं लागतं नाहीतर पावडर तोंडातच राहते, आणि त्यात फुंकर मारायची नाही, ओल धरते. एकाची रीत दुसऱ्याला लावली की औषध वाया आणि घशाला त्रास, आणि ही गोष्ट सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, तरी दर ठिकाणी सांगितली जात नाही याचा मला अजून राग येतो.

गुळण्यांबद्दल. पंप घेतल्यावर चूळ भरायची, घशापर्यंत खळखळ गुळणी करायची आणि थुंकायची, गिळायची नाही. माझी सोपी सोय म्हणजे पंप ब्रशच्या आधी घ्यायचा, मग दात घासताना सगळं निघून जातं आणि विसरायला होत नाही. तोंडातली बुरशी त्यानंतर मला एकदाही झाली नाही. पण गायक मंडळींना एक सांगते, गुळणी स्वरयंत्रापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे आवाजासाठी नुसत्या गुळण्यांवर भरवसा ठेवू नका, तिथे स्पेसर, कमीत कमी पुरेल एवढा डोस आणि गरज पडली तर औषध बदलणं हेच उपाय. सिक्लेसोनाइड नावाचं एक स्टिरॉइड आहे ते छातीत पोचल्यावरच कामाचं होतं, घशात फारसं नाही, बाईंनी ते राखून ठेवलं होतं पण माझ्यावर वेळ आली नाही. रियाज मात्र थोडे दिवस मंद्र सप्तकातच ठेवला, आणि खाकरायची सवय मुद्दाम मोडली कारण खाकरून स्वरतंतू अजून सुजतात.

माझ्या पाठोपाठ मांजलपूरच्या ताईच्या मुलालाही बुडेसोनाइड सुरू झालं, सात वर्षांचा आहे. ताईची एकच धास्ती, उंची खुंटेल. ही भीती पोकळ नाही, यात तथ्य आहे, म्हणूनच त्याचा आकडा माहीत असायला हवा. अमेरिकेत १९९० च्या दशकात ५ ते १२ वयाच्या हजाराच्या वर दमेकरी मुलांना घेऊन मोठा अभ्यास सुरू झाला होता, त्यातल्या बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची बाकीच्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली, हे २०१२ मध्ये छापून आलं. जो फरक पडला तो बहुतेक पहिल्या दोन वर्षांत पडला, पुढे वाढत गेला नाही. ताईने आधी भीतीने औषध मध्येच थांबवलं होतं, पोराला अटॅक आला आणि पाच दिवस तोंडावाटे स्टिरॉइड द्यावं लागलं, त्या पाच दिवसांत मिलिग्रॅमच्या हिशोबाने पंपाच्या वर्षभराहून जास्त स्टिरॉइड पोटात गेलं. आता पंप नियमित आहे, स्पेसरचा मास्क आता सुटला आणि स्पेसरची नळी सरळ तोंडात धरून घेतो, आणि दर भेटीला डॉक्टर त्याची उंची मोजून तक्त्यावर टिंब टाकतात. हे टिंब टाकायला आपणच आठवण करून द्यायची, घाई असली की राहून जातं.

माझ्या स्वतःच्या पंपाबद्दल एक गोष्ट मला मनापासून खटकली होती, ती म्हणजे फॉर्मोटेरॉल. ते आणि सालमेटेरॉल ही लांब पल्ल्याची नळी उघडणारी औषधं, आणि सालमेटेरॉलने मृत्यू झाल्याची चेतावणी मी वाचली होती. बाईंनी ती टाळली नाही, नीट सांगितली. अमेरिकेत १९९६ ते २००३ मध्ये २६,००० च्या वर लोकांवर चाचणी झाली, सालमेटेरॉलच्या गटात दम्याने १३ मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात ३. त्यावरून पाकिटावर काळ्या चौकटीतली चेतावणी आली. पण त्यातल्या कितीतरी लोकांकडे स्टिरॉइडचा पंपच नव्हता. नंतर स्टिरॉइडसोबत एकत्र देऊन मोठ्या चाचण्या झाल्या, तसा धोका दिसला नाही आणि २०१७ च्या डिसेंबरमध्ये एकत्र पंपांवरची ती चौकट काढली गेली. म्हणजे दम्यात हे औषध एकटं कधीच घ्यायचं नाही, स्टिरॉइडच्या सोबतच. माझ्या चिठ्ठीवर ते एकाच पंपात आहे याचं मला तेव्हा बरं वाटलं.

डोळ्यांचंही सांगायला हवं. जास्त डोस बरीच वर्षं चालला तर मोतीबिंदू आणि डोळ्याचा दाब वाढण्याची शक्यता असते, माझ्या वडिलांना काचबिंदू होता म्हणून मी तपासून घेतलं. दाब किंचित वर होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब लिहिता लिहिता विचारलं, दमा आहे का? हो म्हटल्यावर त्यांनी लिहिलेलं नाव खोडून दुसरं लिहिलं. पहिलं टिमोलॉल होतं. डोळ्यात टाकायचा थेंब पण तो रक्तात जाऊन श्वासनळी आकसवू शकतो, प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीपीच्या-मायग्रेनच्या गोळ्यांचंही तेच. त्यांनी विचारलं नसतं तर मला सुचलंच नसतं सांगायला, त्यामुळे आता कुठल्याही डॉक्टरकडे, दातांच्यासुद्धा, मी बसल्या बसल्या दमा आहे आणि कुठला पंप आहे ते सांगते. हाडांसाठी पाळी जायच्या वयामुळे कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी बघितलं, एवढ्या डोसला बाईंना त्याची फार काळजी वाटत नाही.

बाकी यंत्राच्या बारीक गोष्टी ज्या मला बघून कळल्या. वाड्यातले एक काका रोटाहेलरची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते, कित्येक महिने, आणि औषध लागू पडत नाही म्हणून तक्रार करत होते. पंपाचं झाकण लावल्याशिवाय पर्समध्ये टाकायचं नाही, आत नाणं, टिकलीचं पाकीट काहीही जातं आणि घाईत तेच घशात ओढलं जाऊ शकतं. पंप पाण्यात टाकून तरंगतो का बघणं फसवं आहे, औषध संपलं तरी गॅस राहतो आणि फुस्स आवाज येत राहतो, काउंटर असलेला पंप घ्या नाहीतर तारीख लिहून ठेवा. दुधातल्या प्रोटीनची जबर ॲलर्जी असेल तर पावडरच्या कॅप्सूलबद्दल डॉक्टरांना आधी विचारा, त्यात लॅक्टोज असतं आणि त्याच्यासोबत दुधातलं प्रोटीन किंचित येऊ शकतं. आणि पंप घेतल्या घेतल्या उलट जास्त घरघर सुरू झाली, क्वचित होतं असं, तर तो पंप परत मारत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. मोठा डोस बरीच वर्षं चालू असेल तर तो एकदम बंद करणं सगळ्यात वाईट, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तेव्हा मंदावलेलं असतं.

सध्या माझा डोस सकाळ-संध्याकाळ एकेक पफ आहे, आणि धाप लागली तर निळ्याऐवजी हाच पंप जास्तीचा घ्यायचा, मोठ्या माणसाला सगळे मिळून दिवसात जास्तीत जास्त बारा पफ, पण तिथपर्यंत जायची वाट न बघता सांगितलंय की नेहमीपेक्षा जास्त लागायला लागले तर फोन करा. तीन महिने स्थिर राहिलं की डोस एक पायरी खाली आणून बघतात. मी मागितलं होतं उत्तरायणच्या, म्हणजे इकडच्या पतंगांच्या सणाच्या, आधी कमी करा म्हणून, बाई नाही म्हणाल्या, थंडी, धूळ आणि गच्चीवरचे दोन दिवस जाऊ देत, मग बघू. पट्टी परत काळी चार झाली आहे. स्पेसर दर रविवारी साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवते, फडक्याने पुसत नाही, पुसलं की प्लॅस्टिकवर स्टॅटिक तयार होऊन औषध भिंतीला चिकटतं. समोरच्या बेनच्या सुनेला पण आता पंप लागलाय, तिला स्पेसर लिहून दिलेला नाहीये, तर येत्या सोमवारी तिच्या डॉक्टरांना काय काय विचारायचं ते मी तिला कागदावर लिहून दिलंय.